आकाश वाळेपर्यंत

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिला जाग आली. गजर साडेसहाचा लावलेला होता. पण गेली कित्येक वर्षं ती गजराच्या आधीच उठत असे आणि तो वाजू नये म्हणून हळूच बंद करत असे. घरात दुसरं माणूस एकच, सासूबाई, आणि त्या तर पाचलाच उठून बसलेल्या असत. तेव्हा झोपमोड व्हायची ती कोणाची, हा प्रश्न तिला रोज पडे आणि दात घासता घासता रोज विसरला जाई. नवरा बदलीच्या गावी होता, महिन्यातून दोनदा येई. तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली, चहाचं आधण ठेवलं, दुधाची पिशवी कापली, आणि कापलेला कोपरा आठवणीने केराच्या डब्यात टाकला. कारण एकदा तो मोरीच्या जाळीत अडकला होता, तुंबलेलं पाणी दोन खोल्यांत फिरलं होतं, आणि तो प्रसंग सासूबाई अजून तारीखवार सांगत. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक माणूस बनियनवर उभा राहून शर्टाला इस्त्री करत होता. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. त्याचा क्रम कधी चुकला नव्हता आणि तिने त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता.

मोरीत सासूबाईंचं धुणं चाललं होतं. घरात मशीन होतं, पण त्यांच्या मते मशीन कपडे धूत नाही, नुसते घुसळतं. बादलीतलं पाणी ढवळत त्या आतूनच म्हणाल्या, "तुझ्या कंपनीच्या निळीत काही दम राहिला नाही बाई आता. पूर्वी एक चिमूट टाकली की पाणी कसं आभाळासारखं व्हायचं."

"तो नवा डबा आहे, आई. नमुन्याचा. बाजारात यायचाय अजून."

"म्हणजे आधी म्हातारीवर प्रयोग, मग बाजारात. बरं आहे. डबा मात्र छान दिसतो हो. आतल्या मालापेक्षा डबाच घालावा पाण्यात."

ती हसली. चहा गाळता गाळता फ्रिजवर ठेवलेला फोन थरथरला. साहेबांचा निरोप होता. 'काल संध्याकाळी पडदा टांगून पाहिला. नवा डबा शेजारी धरून पाहिला. आकाश जुळत नाही. दहाला या.' चार वाक्यं. तिने ती पुन्हा वाचली. धक्का म्हणावा असं त्यात काही नव्हतं; जिना उतरताना पायऱ्या संपल्यात हे लक्षात न येता आपण आणखी एक पाऊल खाली टाकतो, आणि जमीन अपेक्षेपेक्षा लवकर भेटते, तेवढंच झालं. गाळणीतून चहा ओट्यावर सांडत होता. पलीकडचा माणूस आता शर्टाच्या पाठीवर आला होता. इस्त्री पुढे सरकताच ओल्या कापडाचा गडद रंग मागे फिका होत जात होता, आणि ते दृश्य आज तिला इतकं विलक्षण वाटलं, की हातातली गाळणी तशीच धरून ती पाहत राहिली.

ओलं गडद दिसतं. वाळलं की फिकं होतं. हे कोणाला ठाऊक नसतं? सासूबाईंना ठाऊक होतं, त्या इस्त्रीवाल्याला ठाऊक होतं, आणि ती तर पाच वर्षं चित्रकला शिकलेली होती.

बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. काचेवर आधीच्या कोणाच्या तरी केसांच्या तेलाचा गोल डाग होता; त्या डागातून रस्ता धुक्यात असल्यासारखा दिसत होता, आणि ती मुद्दामच त्यातून बघत राहिली. कंपनी निळीची. पांढऱ्या कपड्यांना द्यायच्या निळीच्या पुड्या बांधण्यापासून सुरुवात झालेली. आता साबण, भुकटी, डाग घालवायची द्रावणं, सगळं होतं, पण दारावरच्या पाटीचा रंग तोच राहिला होता. तिथे ती जाहिरात विभागात लागली आणि सात वर्षांपूर्वी तिने, अक्षरशः एका खुर्चीवर आणि एका फायलीवर, 'सांस्कृतिक सहकार्य कक्ष' उभा केला. पहिल्या वर्षी बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका मंडळाला गाडी दिली, तेव्हा गाडीवर साबणाची वडी रंगवायचीच असा विक्री विभागाचा हट्ट होता. तिने चार बैठका भांडून वडीच्या जागी नुसती निळी पट्टी मारायला लावली. 'पट्टी बघून साबण कोण आठवणार?' असं विचारणाऱ्या विक्रीप्रमुखाला सहा महिन्यांनी दुकानदारच सांगू लागले की पोरं बाहुल्यांच्या गाडीवरच्या निळ्या पट्टीची वडी मागतात. तेव्हापासून कंपनीत तिच्या शब्दाला वजन आलं. कलावंत तिला कंपनीची बाई समजत आणि कंपनीतले लोक कलावंत समजत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तशी गत, पण तिला त्या उपाशीपणाचीच गोडी लागली होती. दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसलं की दोन्हीकडचं बोलणं ऐकू येतं.

या वर्षीचं काम मोठं होतं. गावातल्या जुन्या नाट्यगृहाचा रंगवलेला दर्शनी पडदा जीर्ण झाला होता; कंपनी नवा पडदा करून देणार होती आणि पडद्यावरच्या आकाशाचा निळा रंग हाच निळीच्या नव्या डब्याचा रंग होणार होता. डब्यावर लिहायचं होतं: 'रंगमंचाचं आकाश'. कल्पना तिचीच. कंपनीच्या समितीत ती बोलली तेव्हा साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. साहेब नाटकाला जात आणि खरोखरच रडत. त्यांच्या रडण्यात काही खोट नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड जाई.

बस सिग्नलला थांबली तशी तिला ती सकाळ आठवली. आठवली म्हणण्यापेक्षा, काचेवरच्या तेलाच्या डागात ती आपोआप उमटली. नाट्यगृहाच्या मागचा लांबच लांब हॉल. उंचावरच्या झरोक्यांतून आलेला अकरा वाजताचा उजेड. जमिनीवर अंथरलेलं, कडेला खिळ्यांनी ताणून बसवलेलं प्रचंड कापड, आणि त्यावर अनवाणी चालणारी दोन माणसं: पडदे रंगवणारे मास्तर आणि त्यांची लेक. हातात लांब काठ्यांना बांधलेले ब्रश. दोघंही पाठमोरी, एका लयीत मागे मागे सरकत होती आणि त्यांच्या पुढे आकाश पसरत होतं. सरसाचा उग्र वास होता. कोरड्या रंगाची भुकटी सरसाच्या पाण्यात कालवून हे काम करतात, आणि आकाश एका दमात पुरं करावं लागतं, मध्ये थांबलं तर जोड दिसतो. म्हणून कोणी बोलत नव्हतं. फक्त कापडावर ब्रश फिरल्याचा, कोणीतरी झोपेत कूस बदलावी तसा आवाज. ती दारातच उभी राहिली. तो निळा तिने कधी पाहिला नव्हता, किंवा पाहिला असेल तर फार पूर्वी, भाषा यायच्या आधी. खोल, ओला, आतून हलणारा. त्यात झरोक्यांची प्रतिबिंबं पडली होती. जमिनीवर आकाश आणि आकाशात खिडक्या. तिला वाटलं, आपण आता पाऊल टाकलं तर बुडू, आणि बुडालो तर काही बिघडणार नाही. तिने फोन काढला आणि चित्र घेतलं. तेच चित्र पुढे छपाईला गेलं. त्याच चित्रावरून डबा छापला गेला.

त्यांनी सांगायला हवं होतं, तिच्या मनात आलं. बस सुटली. हो, सांगायला हवं होतं. चाळीस वर्षं पडदे रंगवणाऱ्या माणसाने समोरच्या बाईला एवढं तरी सांगावं, की हा रंग असा राहायचा नाही. हे वाक्य मनात तयार झाल्यावर तिला जरा बरं वाटलं. उरलेल्या वाटेत तिने ते तीन-चारदा घोळवलं, आणि कार्यालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत ते तिच्या जिभेवर चांगलं रुळलं होतं.

साहेबांच्या टेबलावर नवा डबा ठेवलेला होता आणि शेजारी टांगलेल्या पडद्याचं मोठं छायाचित्र. छायाचित्रातलं आकाश फिकं, भुरं, जरा दमल्यासारखं दिसत होतं. वाईट नव्हतं, पण डब्याशेजारी ठेवल्यावर दोन अनोळखी माणसं एका बाकावर बसल्यासारखी ती दोन रूपं दिसत होती.

"बसा. चहा?" साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आता मला सांगा, आकाशावरून डबा केला आपण, का डब्यावरून आकाश? कारण डबे दुकानांच्या वाटेला लागलेत. ते परत आणणं म्हणजे सुटलेला बाण भात्यात घालणं. तेव्हा आता आकाशानंच डब्यासारखं व्हायला पाहिजे."

"पुन्हा रंगवता येणार नाही, साहेब. खालचा सरस सुटेल. वर डोंगर, झाडं, सगळं झालंय."

"रोगण चढवा म्हणतो मी. माहिती काढलीय. रोगणानं रंग ओल्यासारखा दिसतो म्हणे. उद्घाटनाला अजून नऊ दिवस आहेत." मग त्यांनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की त्यात खरी काळजी असे. "हे बघा, समितीपुढे प्रश्न येणार. कोणाचं चुकलं? तुमचं नाव त्यात यायला नको. पुढच्या महिन्यात कक्षाचा स्वतंत्र विभाग होतोय, प्रमुख म्हणून तुमचंच नाव आहे, ते मी रेटतोय. दोन ओळी लिहून द्या. 'रंग वाळल्यावर बदलतो याची पूर्वसूचना कलाकाराने दिली नव्हती.' बस. कोणाचं वाकडं होतंय त्यात? मास्तरांना त्यांचं मानधन मिळालंय. या वयात त्यांना कोण जाब विचारायला जातंय?"

"आणि नाट्यगृहाचं पुढच्या तीन वर्षांचं सहकार्य?"

"ते... समिती बघेल." साहेबांनी डबा उचलून पुन्हा खाली ठेवला. "दिली होती का त्यांनी सूचना?"

"नाही," ती म्हणाली. वाक्य जिभेवर रुळलेलंच होतं. ते सरळ बाहेर आलं.

आपल्या खोलीत येऊन तिने त्या दोन ओळी लिहिल्या. मराठी व्यवहारातली किती तरी वाक्यं कर्त्यावाचून चालतात. दिली गेली नाही, कळवण्यात आलं नाही, लक्षात राहिलं नाही. या वाक्यात मात्र कर्ता होता: कलाकाराने. तो शब्द कागदावर इतका एकटा दिसत होता की तिने तो खोडला, पुन्हा लिहिला, कागद पिशवीत घातला आणि कोणाला न सांगता नाट्यगृहाकडे निघाली. का निघाली हे तिला नीटसं ठाऊक नव्हतं. रोगणाबद्दल बोलायचं आहे, एवढं कारण तिने स्वतःला दिलं.

चालता चालता तिला महाविद्यालयातली आपली जागा आठवली. उत्तरेकडच्या खिडकीखालची. तिथे तिने केलेली चित्रं ओली असेपर्यंत सुंदर असत, हे तिचं तिलाच समजलेलं एक गुपित होतं. रंग चमकत असे, ब्रशचा माग जिवंत असे, आणि अजून काहीही होऊ शकेल अशी एक धडधड त्यात असे. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहावं तर चित्र वाळलेलं, गप्प, पुरं झालेलं. आणि ते तिला दुसऱ्या कोणाचंतरी वाटे. ती त्याच्याकडे पाठ फिरवून नवा कागद ताणायला घेई. शिकवणारे सर एकदा मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, 'तुला चित्र आवडत नाही, चित्राची सुरुवात आवडते.' ते रागावून म्हणाले नव्हते, नाडी बघितल्यासारखे म्हणाले होते. तिने चित्रकला सोडली ती काही दुःखाने नाही. एका मे महिन्यात नोकरीचं पत्र आलं, त्या वर्षी कागद ताणायचा राहून गेला, मग राहतच गेला. पुढे तिला कळलं की जाहिरात म्हणजे कायमची ओली असलेली चित्रं. उद्या काहीतरी होणार आहे, डबा उघडला की होणार आहे, पडदा वर गेला की होणार आहे. वाळायच्या आत मोहीम संपलेली असते. ती त्या कामात चांगली होती, मनापासून चांगली होती, आणि त्या दिवशी दारात उभं राहून तिने तो निळा पाहिला तेव्हा ती काही अज्ञानाने फसली नव्हती. अज्ञान असतं तर सोपं होतं.

हॉलचं दार लोटलेलं होतं. पडदा पुन्हा जमिनीवर अंथरला होता, आणि मास्तर त्याच्या खालच्या कडेला, जिथे रंगवलेल्या टेकड्या सुरू होतात तिथे, मांडी घालून बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. लेक भिंतीपाशी ब्रश धूत होती.

"या, या. चपला तिथंच काढा," मास्तर म्हणाले. "आकाशात चपला चालत नाहीत. आणि तोंड असं का? कोणी गेलं का?"

"साहेबांनी फोन केला होता ना तुम्हाला?"

"केला की. मोठा भला माणूस. रोगण चढवा म्हणाले. म्हटलं, तुम्ही म्हणाल तर चढवतो, पडदा तुमचा." त्यांनी बाजूचा एक वीतभर तुकडा उचलला. त्याच कापडाचा, त्याच रंगाचा. अर्ध्यावर रोगण दिलेलं. रोगणाखालचा अर्धा भाग ओला, खोल, आतून हलणारा. तोच रंग होता. "बघा, हा तुमच्या डब्याचा. पसंत?"

ती काही बोलायच्या आत त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांनी दुमडला. अगदी बारीक आवाज झाला, वाळलेल्या पानावर कोणाचा तरी पाय पडावा इतका. उलगडला तेव्हा निळ्यावर पांढऱ्या रेषांचं जाळं होतं.

"पडदा रोज वर जातो, खाली येतो. गुंडाळला जातो. सरसाचा रंग कापडाबरोबर वाकतो, रोगण वाकत नाही. दोन वर्षं काढील. उद्घाटनाच्या दिवशी मात्र झकास दिसेल. नवरीमुलीसारखं."

"आणि दोन वर्षांनी?"

"दोन वर्षांनी मी कुठं असणार विचारायला? आणि तुम्ही मोठ्या साहेब झालेल्या असाल." ते हसले. "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. माझ्यावर टाका. लिहा की म्हातारा सांगायला विसरला. वय झालंय, लोक लगेच मानतील. मीसुद्धा मानीन."

"बाबा!" लेक ब्रश झटकत म्हणाली. "तुम्ही विसरला नव्हता."

"तू ब्रश धू."

"धूतच्ये. पण खोटं कशाला? मी इथंच होते."

उंचावरच्या झरोक्यांतून तोच उजेड येत होता, फक्त आता तो कापडावर कुठेच चमकत नव्हता. आकाश त्याला आत घेत होतं आणि परत देत नव्हतं. तिला कोणाकडे पाहावं कळेना, म्हणून ती आकाशाकडे पाहत राहिली. आणि मग ते आलं. कोणी ढकलल्यासारखं नव्हे. बराच वेळ दारात उभं असलेलं माणूस, आपल्याला कोणी 'या' म्हणत नाही असं पाहून शेवटी स्वतःच आत येतं तसं. त्या सकाळी आकाश पुरं झाल्यावर मास्तर काठी भिंतीला टेकवून तिच्याकडे आले होते. कपाळावर घाम. म्हणाले होते, 'बाई, ओल्या रंगावर सही करू नका. चार वाजता या, वाळलेला बघा, मग करा.' आणि आपण म्हणालो होतो, 'मला दोनला बैठक आहे, मास्तर. आणि मला हाच हवा.' 'हा नाही राहायचा.' 'असू दे, मला कळतं हो, मीही शिकलेय.' हसत म्हणालो होतो. त्यांनी मग लेकीला सांगून एका तुकड्यावर रंग लावून घेतला, इस्त्री फिरवून वाळवला, आणि तो दिला: 'हा जोडा मान्यतेच्या फॉर्मला.' तुकडा हाताला गरम लागला होता. ती ऊब आत्ता, या क्षणी, तिच्या उजव्या तळहातावर होती. फॉर्म तिनेच बनवलेला. 'रंगाचा वाळलेला नमुना जोडावा' ही ओळही तिचीच. त्या चौकोनात तिने फोनमधलं चित्र छापून चिकटवलं. तो गरम तुकडा कुठे गेला, हे तिला आज काही केल्या आठवेना. फेकला असेल. फेकलाच असेल, त्याच्याकडे बघायला नको म्हणून.

सकाळपासून तिने जे घोळवलं होतं ते वाक्य आता तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं ऐकू आलं. ती खाली बसली, टेकड्यांच्या जरा वर, क्षितिजापाशी. कापड कोरडं होतं, किंचित खरखरीत, मांजराच्या जिभेसारखं. तिने त्यावर हात फिरवला. बोटाला रंग लागला नाही. इतक्या जवळून तिने हे आकाश आजपर्यंत पाहिलंच नव्हतं, आणि पाहिलं तर त्यात ब्रशचे हजारो फटके होते, एकावर एक, कुठे दाट, कुठे विरळ. दोन माणसं मागे मागे चालत गेल्याचा पुरा हिशेब नसलेला माग. एके ठिकाणी अर्धी टाच उमटली होती. ते फिकं नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला, शाळा सुटायच्या आधी, वर्गाच्या खिडकीतून जे दिसतं ते होतं. ज्याच्याकडे कोणी आकाश म्हणून बघत नाही, पण ज्याच्याखाली सगळं घडतं. दोनशे दिवे लागल्यावर आणि हजार माणसं समोर बसल्यावर ते काय होईल ते मास्तरांना ठाऊक होतं; त्यांनी ते त्यासाठीच केलं होतं. तिने ते केवळ स्वतःसाठी, एका अकरा वाजताच्या उजेडात पाहिलं होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्हाला आवडलंय का हे? खरं सांगा."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा दोरा कानामागे अडकवला. "आता काय सांगू? आकाशं बरीच केली. कुणी पाऊस मागतं, कुणी चांदणं मागतं. हे असं काहीच न मागितलेलं आकाश करायला मिळत नाही सहसा. तुम्ही मागितलंत ते दुसरंच होतं, पण पत्रात लिहिलं होतंत, 'जुन्या पडद्यासारखं, साधं.' मी पत्रातलं केलं." मग म्हणाले, "हे टिकेल पण. माझ्या लेकीच्या हातून दुरुस्त होईल, इतकं टिकेल."

"कडेचा एक तुकडा कापून द्या मला. बोटभर चालेल."

त्यांनी खिळ्यांच्या बाहेरची, दुमडीत जाणारी कड कातरीने कापून दिली. तो तुकडा गार होता.

"आणि रोगण चढवू नका."

"साहेबांचा फोन आला तर?"

"माझा निरोप आहे म्हणा."

"बाई," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली थट्टा गेली, "तुमचं काय होईल?"

लेकीने नळ बंद केला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने उत्तराचा विचार केला. कक्षाचा विभाग होईल, प्रमुखाच्या खोलीत दुसरं कोणी बसेल, विक्रीतलं कोणी. तिला परत जाहिरातीत पाठवतील, किंवा कुठेच पाठवणार नाहीत, जे जास्त वाईट. डबे दुकानांत जातील, त्यांच्यावर एक आकाश असेल आणि रंगमंचावर दुसरं, आणि हे पाहून हसणारी माणसं थोडी असतील पण ती समितीतच असतील. हे सगळं ती पाहू शकत होती. नवल एवढंच, की त्यातलं काहीही चमकत नव्हतं. सगळं आहे त्या रंगात, आहे त्या जागी दिसत होतं. "बघू," ती म्हणाली आणि चपला घालायला दाराशी गेली.

कार्यालयात ती पोचली तेव्हा साडेतीन झाले होते. पिशवीतल्या दोन ओळी काढून तिने फाडल्या. चार तुकडे, मग आठ. नवा कागद घेतला. घाईने लिहिलं नाही. 'पडद्याच्या आकाशाचा रंग मागणीपत्राप्रमाणे अचूक आहे. रंग वाळल्यावर फिका होईल, वाळलेला नमुना पाहूनच मान्यता द्यावी, असे कलाकारांनी मला त्या दिवशी स्पष्ट सांगितले होते व नमुनाही दिला होता. मी तो फॉर्मला जोडला नाही. ओल्या रंगाचे छायाचित्र जोडून सही केली. आज सकाळी साहेबांनी विचारले तेव्हा मी याबाबत चुकीचे उत्तर दिले. डब्याचा रंग त्या छायाचित्रावरून ठरला, ही चूक माझी आहे. पडद्यावर रोगण चढवल्यास त्याला लवकरच तडे जातील. तसे करू नये, असे मी कलाकारांना कळवले आहे. नाट्यगृहाशी असलेले पुढील सहकार्य या कारणाने थांबवू नये, ही विनंती.' मग एक नवा मान्यता-फॉर्म काढला, नमुन्याच्या चौकोनात बोटभर आकाश टाचणीने टोचलं, खाली सही केली. एक प्रत समितीला, एक साहेबांना, एक नाट्यगृहाला. साहेबांना वाईट वाटेल, हे तिला ठाऊक होतं. त्यांचं वाईट वाटणंही खरं असेल.

तळमजल्यावर आवक-जावक खिडकीत नेहमीचे काका बसले होते. निवृत्तीला चार महिने राहिलेले. ते दर आठवड्याला हा आकडा न विचारता सांगत. त्यांनी तिन्ही लिफाफे तळहातावर तोलले.

"आज जड दिसतंय. तातडीचं?"

"नाही, साधंच."

"साधंच म्हणून आणतात आणि मग संध्याकाळी धावत येतात, काका, तो लिफाफा परत द्या म्हणून. एकदा नोंद झाली की मी देत नसतो हं, आधीच सांगतो. बापाला देणार नाही."

"मागायला येणार नाही."

काकांनी जाड वही ओढली, पान उलटलं, टोपण काढलं. "पाठवणार... सांस्कृतिक कक्ष. बरोबर?"

"कक्ष नको," ती म्हणाली. "माझं नाव लिहा."

त्यांनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून, एकेक अक्षर सुटं काढत, त्यांनी ते लिहिलं.